तीन लिटर पाणी आणि हरवलेली बाटली

"मूल एका जागी बसत नाही? त्याला एडीएचडी नाही, त्याच्या मेंदूला पाणी कमी पडतंय!" अशी सुरुवात असलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मला तो आधी मावशींनी पाठवला (सासूबाईंची धाकटी बहीण, इथे बडोद्यातच रावपुऱ्यात राहतात), मग सोसायटीच्या ग्रुपवर आला, मग मुलाच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर गुजरातीत. मावशींनी खाली लिहिलं होतं, "बघ गं, खास तुझ्यासाठी." आमच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांचं दोन वर्षांपूर्वी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, एका जागी बसणं अवघड जातं तो विकार) निदान झालंय आणि दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत सगळ्या गोतावळ्याला ते ठाऊक आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. मेंदूत ८० टक्के पाणी असतं, ते कमी झालं की लक्ष उडतं. पाणी वाढवलं की डोपामाइन (मेंदूतलं निरोप्याचं काम करणारं एक रसायन) वाढतं. म्हणून मुलाला दर तासाला एक ग्लास, दिवसाला किमान तीन लिटर. आजोबांच्या काळी मुलं माठाचं पाणी प्यायची म्हणून हा आजार नव्हता. एकवीस दिवसांत फरक दिसेल, गोळ्या बंद करता येतील. आणि शेवटी ते नेहमीचं: "करून तर बघा, पाण्याने नुकसान काय होणार?"

मावशींना ग्रुपवर उत्तर देणं बरं दिसलं नसतं. त्यांच्याशी फोनवर बोलले, त्यांनी ऐकूनही घेतलं. पण मेसेज फिरायचा थांबत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

मेंदूतल्या पाण्याचा आकडा साधारण बरोबर आहे. पाणी कमी पडलं की लक्ष उडतं, हेही खरं आहे. २०१८ साली ३३ अभ्यास एकत्र करून पाहणी झाली. शरीरातलं पाणी घटून वजन दोन टक्क्यांहून जास्त उतरलं की लक्ष देण्याच्या आणि ठरवून काम करण्याच्या क्षमतेवर परिणाम होतो, असं तीत दिसलं. तीस किलोच्या मुलाच्या बाबतीत दोन टक्के म्हणजे ६०० मिली. बडोद्यात मे महिन्यात पारा बेचाळीसवर असताना दुपारभर क्रिकेट खेळलेल्या मुलाचा एवढा घाम सहज जातो. २००९ साली ब्रिटनमध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांना वर्गात पाणी देऊन चाचण्या घेतल्या, तेव्हा पाणी प्यायलेल्या मुलांनी लक्ष देऊन बघण्याच्या कामांत थोडी बरी कामगिरी केली. तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याने सगळं हवेतून काढलेलं नाही.

पण हे अभ्यास एडीएचडी असलेल्या मुलांवरचे नाहीत. तहानलेल्याचं लक्ष उडतं आणि पाणी मिळालं की परत येतं, एवढंच ते सांगतात. भुकेलेला माणूस चिडतो, म्हणून चिडणारा प्रत्येक जण भुकेला असतो का? एडीएचडी म्हणायला लक्षणं किमान सहा महिने टिकलेली लागतात, वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली लागतात आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसावी लागतात. तहान अर्ध्या तासात भागते.

आणि लक्ष "नसतं" हेही पुरतं खरं नाही. उत्तरायणाच्या दिवशी आमचा मुलगा सकाळी सातला गच्चीवर गेला. हातात फिरकी, मान आभाळाकडे. शेजारच्या काकूंनी उंधियूची ताटली आणून दिली, ती पाण्याच्या टाकीवर तशीच. मी चिक्की नेली, तीही ताटलीशेजारी. दुपारी दोनला बघते तर ओठ सुकलेले, बोटांना मांजाचे काप आणि हा ओरडतोय, "काप्यो!" सात तासांत घोटभर पाणी पोटात नाही, तरी नजर पतंगावरून हललेली नव्हती. तेच पोर संध्याकाळी सातच्या पाढ्यावर तीन मिनिटं टिकत नाही. पाणी कमी म्हणून लक्ष नाही, हा हिशेब त्या दिवशी नेमका उलटा पडला. खरी अडचण लक्ष हवं तिथे लावण्याची आणि हवं तेव्हा काढून घेण्याची आहे.

डोपामाइनचा मुद्दा सगळ्यात शास्त्रीय वाटतो, म्हणून लोकांना तोच पटतो. डोपामाइन शरीरात टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लापासून बनतं. ते आपल्याला डाळी, दूध, अंडी यांतून मिळतं, आणि शरीरातल्या इतर प्रत्येक क्रियेसारखं इथेही पाणी लागतं. पण कणीक मळायला पाणी लागतं म्हणून दुप्पट पाणी घातलं तर पोळ्या दुप्पट होत नाहीत, कणीक हाताला चिकटते. शिवाय मुलाला जी गोळी देतात, मिथिलफेनिडेट, ती डोपामाइन बनवतच नाही. चेतापेशींनी सोडलेलं डोपामाइन पुन्हा आत खेचून घेण्याची जी व्यवस्था असते, ती गोळी काही तास अडवून धरते. एखाद्या ग्लासाने ते होत नाही.

राहिला तीन लिटरचा नेम. "रोज आठ ग्लास"चं मूळ शोधणारे लोक १९४५ सालापर्यंत जातात. अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाने त्या वर्षी मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं असं लिहिलं आणि लगेच पुढे म्हटलं की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पुढचं वाक्य जगाने गाळलं. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडांच्या अभ्यासकाने आठ ग्लासांचा पुरावा धुंडाळला, त्यांना तो सापडला नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१० साली नऊ ते तेरा वर्षांच्या मुलग्यांसाठी २.१ लिटर आणि मुलींसाठी १.९ लिटर असा आकडा दिला, तोही खाण्यातलं पाणी धरून. आता युरोपचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा यांत फरक आहे, आपल्याकडे जास्तच लागणार. पण आमटी-भात, छास, कलिंगड, सकाळचं दूध हे सगळं हिशेबात धरायचं की नाही? दहा वर्षांच्या पोराला बारमाही तीन लिटर साधं पाणी वरून पाजायचं हे गणित कुठून आलं, ते मेसेजवाल्यालाच ठाऊक.

आजोबांच्या माठाबद्दल. माझ्या आजेसासऱ्यांच्या माठात आजव्याचं पाणी असायचं, सयाजीराव महाराजांनी बांधलेल्या त्या तलावाचं, आणि तेच आजोबा वर्गातून तीनदा पळून गेल्याचे किस्से घरात अजून सांगतात. तेव्हा अशा मुलांना वांड म्हणायचे, धांदरट म्हणायचे, विसरभोळा म्हणायचे आणि छडी द्यायचे. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांचं वर्णन आपल्या व्याख्यानांत केलं ते १९०२ साली. मला यात एक आपल्या गावचा धागाही दिसतो. महाराजांनी १९०६ साली बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याआधी असलं पोर शेतात, दुकानात, गुरांमागे खपून जायचं. रोज पाच तास बाकावर बसायची वेळ आली तेव्हा ते डोळ्यात भरायला लागलं. पाण्याचा यात संबंध नाही. जुळ्यांवरचे अभ्यास बघितले तर आनुवंशिकतेचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर निघतो. (हे वाचून आमचे हे म्हणाले, "म्हणजे माझ्यावर आलं?" स्कूटरची किल्ली ते तेव्हाही शोधतच होते.)

आता गोळीचं, कारण मला खरा राग याचाच आहे. "एकवीस दिवसांत गोळ्या बंद" हे वाक्य वाचून आमच्या ओळखीच्या एका घराने सहामाही परीक्षेच्या तोंडावर मुलीची गोळी थांबवली. पाण्याच्या तक्त्यावर रोज खुणा केल्या. पोरीने पेपर निम्मे कोरे दिले आणि घरी येऊन म्हणाली, "मी पाणी तर सगळं प्यायले होते." तिला वाटलं चूक तिचीच. असल्या मेसेजचं नुकसान मोजायचं तर मी ते इथे मोजते.

ही गोळी कुणी खडीसाखरेसारखी वाटत नाही. आपल्याकडे ती औषध नियमांच्या एक्स परिशिष्टात येते, डॉक्टरांना चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि एक औषधवाल्याकडे जपून ठेवतात. अमेरिकेत १९९९ साली ५७९ मुलांवरचा चौदा महिन्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुख्य लक्षणांवर नीट देखरेखीत दिलेलं औषध नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा सरस ठरलं आणि दोन्ही मिळून दिल्याचे इतर काही फायदेही दिसले. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना आधी गोळी देतही नाहीत, आधी मुलाला कसं हाताळायचं ते आईबापांना शिकवतात. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीला हात लावण्याआधी मुलाचे कान-डोळे तपासून घेतले, रात्री घोरतो का विचारलं, हिमोग्लोबिन पाहिलं, शाळेतून फॉर्म भरून आणवले. पाणी किती पितो, हेही विचारलं होतं. मेसेजला वाटतं तसं ते कुणी विसरलेलं नाही. गोळीची भीती वाटत असेल तर ती त्यांच्यासमोर बोलावी, डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. गोळीने भूक मरते, तोंडाला कोरड पडते, हे खरंच आहे, आणि त्या कोरडीसाठी पाणी लागतंच. म्हणजे पाणी हवं ते गोळीच्या जोडीला.

"नुकसान काय होणार?" हे विचारणाऱ्यांना आमच्या घरची गोष्ट सांगते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मीही हे केलं होतं. गोळी चालू ठेवली, पण दर तासाला ग्लास. मला तेव्हा पटलंच होतं म्हणा ना. मोबाइलवर गजर, भिंतीवर तक्ता. चार दिवसांत घराची चौकी झाली. "प्यायलास? दाखव ग्लास." तो कुंडीत ओतायला लागला, जास्वंद मात्र टवटवीत झाली. पाचव्या की सहाव्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीतली चादर दिसेना. कपाटामागे बोळा करून कोंबलेली सापडली, ओली. दोन वर्षं बंद झालेलं परत सुरू झालं होतं. एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये अंथरूण ओलं करण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. रात्री नऊचा ग्लास मीच हातात दिला होता. तक्ता त्याच दिवशी फाडला. चादरीबद्दल मी काही बोलले नाही, त्यानेही नाही.

दुसरं नुकसान विरळ आहे पण जिवावरचं आहे. मोठ्या माणसाची मूत्रपिंडंही तासाला साधारण एक लिटरच्या आसपासच पाणी बाहेर टाकू शकतात. त्याहून वेगाने पाणी ओतत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि मेंदूला सूज येते. २००७ साली कॅलिफोर्नियात एका रेडिओ केंद्राच्या पाणी पिण्याच्या स्पर्धेत एक तरुण बाई यानेच गेली. दिवसभरात सावकाश प्यायलेल्या पाण्याने असं होत नाही, पण "राहिलेले चार ग्लास आत्ता संपव" म्हणणाऱ्या घरात लहान मूल असतं, हे लक्षात असू द्या. आणि एक उलटी बाजू: मूल आपणहून अचानक घटाघटा पाणी प्यायला लागलं, सारखं लघवीला जायला लागलं, वजन उतरलं, तर मेसेज वाचून खूश होऊ नका. आधी रक्तातली साखर तपासून घ्या, मधुमेह असू शकतो.

एवढं भांडून झाल्यावर कबूल करते की ही मुलं पाणी कमी पितात, हे निरीक्षण पुष्कळदा बरोबर असतं. एकतर खेळात तहान कळत नाही. दुसरं, शाळेतलं बाथरूम. आमच्या भाचीने तर पाचवीत असताना सरळ सांगितलं होतं, "तिथे जायला नको म्हणून मी पितच नाही." तिला एडीएचडी वगैरे काही नाही. पाण्याचे संदेश फिरवणाऱ्या पालकांनी पुढच्या सभेत त्या बाथरूमबद्दल विचारलं तर जास्त मुलांचं भलं होईल.

आणि तिसरं, बाटली. निदानासाठी लक्ष न लागण्याची जी नऊ लक्षणं बघतात, त्यांत कामाला लागणाऱ्या वस्तू हरवणं हे एक आहे आणि रोजच्या गोष्टी विसरणं हे दुसरं. म्हणजे ज्या मुलाला बाटली सांभाळता येत नाही आणि दर तासाला काही करायचं लक्षात राहत नाही, त्यालाच मेसेज सांगतो की बाटली सांभाळ आणि दर तासाला पी. या जूनपासून आमच्या चार बाटल्या गेल्या. एक कमाटीबागेतल्या बाकावर, एक रिक्षात, दोन कुठे ते त्यालाही सांगता येत नाही. पाचवी मी मंगळ बाजारातून साधी प्लास्टिकची आणली, दप्तराच्या पट्ट्याला नाडीने बांधली. घरी तक्ता नाही, गजर नाही. चप्पल काढतो तिथेच माठ ठेवलाय आणि त्यावर स्टीलचा पेला, येता-जाता हात लागेल असा. बहुतेक वेळा लागतो.

परवा बाटली घरी आली. झाकण शाळेत राहिलंय.