लाइफस्टाइल मेडिसिन परीक्षेत कधी येणार?

भारतात वैद्यकीय अभ्यासक्रमाची चर्चा निघाली आणि त्यात लाइफस्टाइल मेडिसिनचं, म्हणजे आहार, व्यायाम, झोप, व्यसनं यांत बदल करून आजार टाळण्याच्या आणि आटोक्यात ठेवण्याच्या शाखेचं नाव आलं, की दोन उत्तरं ठरलेली असतात. हे सगळं कम्युनिटी मेडिसिनमध्ये, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयात आहेच, वेगळं काय शिकवायचं? आणि ओपीडीत रांग लागलेली असताना झोपेवर, व्यायामावर बोलायला वेळ कुणाला आहे? मी ब्रिटनमध्ये नर्सिंग, फिजिओथेरपी आणि वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांना एकत्र बसवून हाच विषय शिकवते. ही उत्तरं ऐकली की मला राहवत नाही.

वेळेची अडचण खरीच आहे. डॉक्टर एका पेशंटला किती वेळ देतात याचा अनेक देशांतला आढावा २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. त्यात ब्रिटनचा आकडा नऊ-दहा मिनिटांचा होता, भारताचा दोनच्या आसपास. पण तंबाखूबद्दल इथे जे शिकवतात ते ३० सेकंदांत बसतं. ओढता का, एवढं विचारायचं. औषध आणि समुपदेशन यांची जोड मिळाली तर सुटायला सर्वांत सोपं जातं, हे सांगायचं. माणूस तयार असेल तर लगेच अशी मदत मिळते तिथे पाठवायचं. तोटे सांगत बसायचं नाही. वाचायला सोपं आहे, पण सरावाशिवाय जमत नाही, कारण विद्यार्थ्याच्या तोंडून आधी उपदेशच बाहेर पडतो.

आमच्या वर्गात एक अभिनेता पेशंट होऊन येतो. गोदामात रात्रपाळी, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर. पहिल्या विद्यार्थ्याने मिनिटभरात सांगून टाकलं, “रोज अर्धा तास चालायला हवं.” समोरच्याने हाताची घडी घातली आणि नुसती मान डोलावली. तिथेच थांबवून दुसरीला बसवलं. तिने विचारलं, “तुमचा दिवस कसा जातो?” मग तो बोलायला लागला: सकाळी घरी येणं, मुलांना शाळेत सोडणं, तुकड्यातुकड्यांत झोपणं, पहाटे तीनला मशीनमधलं मिळेल ते खाणं. “यातलं काय बदलता येईल असं तुम्हाला वाटतं?” या प्रश्नावर तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, रात्रीचा डबा घरून नेता येईल. एवढंच. पण ते त्याने स्वतः सांगितलं होतं. मिलर आणि रॉलनिक या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेली ही संवादाची पद्धत आहे, ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’. ओएससीईत, म्हणजे टेबलाटेबलावर एकेक कौशल्य तपासणाऱ्या प्रात्यक्षिक परीक्षेत, तिच्यासाठी वेगळं स्टेशन असतं, गुण असतात, म्हणून मुलं ती मन लावून शिकतात.

भारतात ‘आहेच की अभ्यासक्रमात’ म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, की परीक्षेत काय विचारता? वायवात (तोंडी परीक्षेत) बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणाऱ्या आकड्याच्या मर्यादा धडाधड सांगणाऱ्या मुलाला एका जाड माणसाशी, त्याचा अपमान न करता, वजनाबद्दल बोलता येतं का, हे कोण बघतं? २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीच्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. हे लोक याच मुलांसमोर बसणार आहेत.

इथला अभ्यासक्रम उचलून तिकडे नेला की झालं, असंही नाही. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या चाचणीत जीवनशैली बदलल्याने मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला, मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. भारतात तशीच चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले: जीवनशैलीने २८.५ टक्के, मेटफॉर्मिनने २६.४ टक्के. म्हणजे फायदा होतो, पण किती होतो ते आपल्याच माणसांत तपासावं लागतं, आणि तेच आकडे मुलांना शिकवावे लागतात.

शिवाय ‘जीवनशैली’ म्हटलं की दोष आपोआप पेशंटच्या माथी जातो, हे इथेही रोज दिसतं. आरोग्यातल्या विषमतेचे अभ्यासक मायकेल मार्मट यांच्या २०१० च्या अहवालात इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब वस्त्यांतली माणसं सर्वांत श्रीमंत वस्त्यांतल्यांपेक्षा सरासरी ७ वर्षं आधी मरतात असं दिसलं. तो रात्रपाळीचा माणूस पाळी स्वतः ठरवत नाही. हे शिकवलं नाही, तर लाइफस्टाइल मेडिसिन म्हणजे पांढऱ्या कोटातली कानउघाडणी होईल. त्यापेक्षा ते न शिकवलेलं बरं.

आणि एका बाबतीत भारत पुढे आहे, त्याचं तिकडच्या चर्चेत कुणी नावही घेत नाही. २०२१-२२ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन ते पाच कुटुंबं दत्तक दिली जातात आणि त्यांच्याकडे त्याने अनेक वर्षं जात राहायचं असतं. नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलांनाही त्याच घरांत न्यावं. लॉगबुकात रक्तदाब आणि वजनाच्या शेजारी आणखी एक रकाना घालावा: काय बदलायचं ठरलं होतं, काय बदललं, काय नाही, आणि का नाही. शेवटच्या वर्षी परीक्षकाने त्यातलं एकच घर निवडून त्यावर प्रश्न विचारावेत. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे विचारू शकत नाही, कारण त्यांची प्लेसमेंट, म्हणजे रुग्णालयातली किंवा दवाखान्यातली प्रशिक्षणाची नेमणूक, काही आठवड्यांत संपते आणि ते पेशंट त्यांना पुन्हा भेटत नाहीत.