शंभरातले नव्वद जातात कुठे?

चवथीचे पाहुणे परतले की आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला काही काम उरत नाही. मग फॉरवर्ड सुरू होतात. त्यातला एक गेल्या दोन वर्षांत तीनदा आला. इतर ग्रुपांवरही तो फिरतोय, म्हणून थोडक्यात उतरवतो: "संस्थांना दान देऊ नका. तुमच्या शंभरातले नव्वद पगारात आणि एसी ऑफिसात जातात. द्यायच्याच तर वस्तू द्या. गोव्यात सरकार सगळ्यांना सगळं देतं. स्वयंसेवक म्हणजे फोटोपुरती माणसं. गरिबाच्या हातात थेट पैसे ठेवा आणि मोकळे व्हा. जागरूक असाल तर पुढे पाठवा."

आमच्या ग्रुपवर हे टाकतो माझा धाकटा चुलतभाऊ. तो कंजूष मुळीच नाही. जत्रेच्या पावणीत, म्हणजे देवळातल्या लिलावात, एका नारळावर दोन हजारांपर्यंत बोली चढवताना मी त्याला पाहिलंय. त्या दोन हजारांतले समईच्या तेलाला किती गेले, हे मात्र त्याने देवस्थानच्या महाजनांना कधी विचारलेलं नाही.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. बँकेत हयात गेली. आता दर शनिवारी फोंडा तालुक्यातल्या एका लहान वृद्धाश्रमाचे हिशेब लिहितो, बिनपगारी. तेव्हा मी तटस्थ नाही.

"शंभरातले नव्वद पगारात जातात"

नव्वद हा आकडा कुठल्या संस्थेचा, कुठल्या वर्षाचा, ते मजकुरात नाही. ह्या जातीचे मजकूर जुने आहेत. युनिसेफच्या प्रमुखाला रोल्स रॉइस गाडी मिळते असा एक ईमेल अमेरिकेत वर्षानुवर्षं फिरत होता. संस्थेने खोटा ठरवूनही तो थांबला नाही. आपल्याकडे पोचेपर्यंत गाडी गेली आणि एसी आला, इतकंच.

कायदा काय म्हणतो? परदेशातून आलेल्या देणगीतला २० टक्क्यांहून जास्त भाग संस्थेला प्रशासनावर खर्च करता येत नाही. २०२० पर्यंत ही मर्यादा ५० टक्के होती. तुमच्याआमच्या देशी देणगीवर अशी मर्यादा नाही. संस्थेला स्वतःची करसवलत टिकवायची तर उत्पन्नाचे किमान ८५ टक्के उद्दिष्टांवर लावावे लागतात, पण त्या ८५ मध्ये पगारही धरता येतो. म्हणजे चुलतभाऊ म्हणेल, "बघ, मी काय सांगत होतो!"

तर मग पगाराचंच बोलू. आमच्याकडे अंथरुणाला खिळलेल्या आज्या आहेत. त्यांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. रात्री दोनला बदलायची, चारला पुन्हा. हे करणारी बाई पगारी आहे आणि असायलाच हवी. दिवसरात्रीच्या तीन पाळ्या, पाळीला दोघी, त्यात साप्ताहिक सुट्टी, कुणाच्या घरचं लग्न, कुणाचा ताप. सहा जणींत भागत नाही, आठ लागतात. अशा घराच्या हिशेबात सगळ्यात जाड ओळ पगाराचीच येणार. ते पैसे सेवेतून कापलेले नाहीत. रात्री दोन वाजता जी सेवा झाली, तिचंच ते नाव आहे. परदेशी देणग्यांच्या नियमांनाही हे कळतं: इस्पितळातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार तिथे प्रशासकीय खर्चात मोजत नाहीत. ज्याला प्रशासन म्हणता येईल असं आमच्याकडे ऑडिटरची फी, टेलिफोन आणि माझ्या चहाचा कप. एसी नाही. फ्रीज आहे, त्यात इन्सुलिन असतं.

फसवे लोक आहेतच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लॅमिनेट केलेला आजारी मुलाचा फोटो आणि खाली क्यूआर कोड घेऊन फिरणारे मीही पाहिलेत. कोड कुणाच्या नावावर उघडतो ते पाहायला अर्धं मिनिट पुरतं. संस्थेची नोंदणी विचारा, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर ती आहे का बघा, आणि गेल्या वर्षीचा तपासलेला ताळेबंद मागा. देणगीदाराला करसवलत देणारी, '८०जी' म्हणून ओळखली जाणारी नोंदणी असेल तर संस्थेला तुमची देणगी तुमच्या नावासकट प्राप्तिकर खात्याला कळवावी लागते आणि तुम्हाला देणगीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. हातातली पावती आणि सरकारातली नोंद जुळते की नाही, एवढं पाहिलं तरी पुष्कळ. (वजावट हवी असेल तर दोन हजारांवरची देणगी रोखीने देऊ नका. नवीन करपद्धतीत ही वजावट मुळात मिळतच नाही, तेव्हा तिच्यासाठी देणारे तसेही कमी झालेत.)

ह्याहून सोपी तपासणी गोव्यात आहे. अख्खं राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचं. स्कूटर काढा आणि न कळवता जा. जी संस्था दुपारी चार वाजता तुम्हाला आतपर्यंत फिरवायला कांकू करते, तिला देऊ नका. मुंबईच्या माणसाला बिहारमधल्या संस्थेबद्दल हे करता येत नाही. आपल्याला येतं, आणि आपण फॉरवर्ड वाचत बसतो.

"वस्तू द्या, पैसे नको"

२ ऑक्टोबर २००९ ला काणकोणात पूर आला, तेव्हा आम्ही बँकेतल्यांनी कपड्यांची पोती भरून नेली होती. मोठ्या अभिमानाने. तिथे घराघरांत गुडघाभर चिखल होता. लोकांना हवी होती फावडी, घमेली, चुलीला कोरडी लाकडं आणि हातात थोडी रोकड. आमच्या पोत्यांत दोन लग्नातल्या भरजरी साड्या निघाल्या, आणि एक कोट. काणकोणात, कोट! ती पोती निवडायला तिथल्याच चार पोरांचा दिवस गेला.

वृद्धाश्रमात हेच वेगळ्या रूपात चालतं. वाढदिवसाला जेवण देणारे पुष्कळ. एप्रिल-मे महिन्यांत एकेका रविवारी दोन केक आणि तीन घरची पुरणपोळी येते, आणि निम्म्या आज्यांना मधुमेह. त्यांना नाही म्हणताना जीव जातो, कारण येणारी माणसं खरंच प्रेमाने आलेली असतात. पण मोठ्यांचे डायपर, वीजबिल, इन्व्हर्टरची बॅटरी, पावसाळ्यात गळणारी कौलं ह्यांना कुणाचा वाढदिवस नसतो. वस्तूच द्यायची असेल तर आधी फोन करून विचारा. यादी तयार असते.

"गोव्यात सरकार सगळं देतं"

सरकार देतं, आणि बऱ्याच राज्यांपेक्षा बरं देतं. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे आमच्या बहुतेक आज्यांच्या खात्यात येतात. पोर्तुगीज अमदानीत १९४७ साली सुरू झालेली प्रोव्हेदोरिया, म्हणजे सरकारी सार्वजनिक साहाय्य संस्था, आजही सरकारी वृद्धाश्रम चालवते. पण खात्यात आलेला पैसा खात्यातच असतो. दरवर्षी हयातीचा दाखला कोण नेऊन देणार? अंगठा मशीनवर उमटत नाही म्हणून बँकेत तासभर कोण उभं राहणार? २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढची माणसं ८.६ टक्के होती, गोव्यात ११.२. ज्यांनी सोबत करायची ती मुलं आखातात, पोर्तुगालात, लंडनला.

शिवाय सरकारचं म्हणून आपण जे मिरवतो, त्यातलं कितीतरी आधी कुणाच्या तरी पदरमोडीने उभं राहिलंय. मडगावचं हॉस्पिसियो १८६७ साली पाद्री मिरांडा यांनी गरिबांसाठी सुरू केलं. पुढे तेच सरकारी जिल्हा इस्पितळ झालं. सासष्टीतले लोक अजून हॉस्पिसियोच म्हणतात.

अलीकडचं उदाहरण कुत्र्यांचं. मिशन रेबीज ह्या संस्थेची माणसं जाळी घेऊन वाड्यावाड्यांत फिरली, भटक्या आणि पाळीव कुत्र्यांना लस टोचत गेली. रेबीजची साखळी तोडायला सत्तर टक्के कुत्र्यांना लस लागते, आणि पशुसंवर्धन खात्याच्या मोजक्या कर्मचाऱ्यांना एकट्याने ते झेपणारं नव्हतं. पैसा सरकारचा आणि देणगीदारांचा, हात पगारी पथकांचे आणि स्वयंसेवकांचे. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, असं जाहीर झालेलं देशातलं पहिलं राज्य. ह्यात सरकारचं किती आणि संस्थेचं किती, हे वेगळं काढून दाखवावं कुणीतरी.

"स्वयंसेवक म्हणजे फोटो"

इथे मी निम्मा चुलतभावाच्या बाजूने. मिरामारच्या वाळूवर हातमोजे घालून, बॅनर धरून, अर्ध्या तासात निघून जाणारे आहेत. आमच्याकडेही एका कॉलेजची पोरं आली, आज्यांबरोबर सेल्फी काढले आणि "परत येऊ हं आजी" म्हणून गेली. एक आजी पुढचे तीन रविवार पावडर लावून व्हरांड्यात बसत होती. ते पाहिल्यापासून मी नवीन येणाऱ्याला एकच अट घालतो: महिन्यातून एकदाच ये, पण ठरल्या वारी ये.

पण बिनपदवीच्या माणसाचा उपयोग नाही, हा त्यामागचा अर्थ चूक आहे, आणि तो चूक आहे हे गोव्यातच सिद्ध झालंय. पर्वरीची 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून मानसिक आरोग्यात काम करते. तिने डॉक्टर नसलेल्या, साध्या शिकलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं आणि आपल्याच आरोग्य केंद्रांत बसवलं. सरकारी केंद्रांत येणाऱ्या नैराश्याच्या आणि चिंतेच्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं २०१० मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढच्या एका प्रयोगात गंभीर नैराश्यालाही सहा ते आठ बैठकांचा गुण दिसला. ती माणसं पगारी होती, स्वयंसेवक नव्हती, हे सांगायला हवं. मुद्दा शिकवण्याचा आणि टिकून राहण्याचा आहे. आमच्याकडे दर बुधवारी एक निवृत्त शिक्षिका येतात आणि पेपर मोठ्याने वाचतात, निधनवार्तांसकट. ज्या आजी कुणाशी बोलत नाहीत, त्या निधनवार्तांना बोलतात.

"थेट गरिबाच्या हातात ठेवा"

ठेवा की. शेजारणीच्या मुलाची फी भरली तर कुठली संस्था रागावणार आहे? पण पणजीच्या सिग्नलवर पोराच्या हातात दहाची नोट ठेवली की ते पोर उद्याही सिग्नलवरच पाठवलं जातं. त्याच्यासाठी १०९८ ही मुलांची हेल्पलाइन फिरवा. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या हातात थेट काय ठेवणार?

हे सगळं ग्रुपवर लिहायचा मला कंटाळा आला, म्हणून फक्त गेल्या वर्षीच्या ताळेबंदाचा फोटो टाकला. कुणी काही बोललं नाही. तासाभराने चुलतभावाचा फोन आला.

"दादा, त्या डायपरच्या रकमेत एक शून्य जास्त पडलंय, बघ."

शून्य बरोबर होतं.