जेवून घेतली म्हणून पेनकिलर निर्धोक होत नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'पेनकिलर रिकाम्या पोटीच बाधते. जेवून घ्या, सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घ्या, मग महिनोन्‌महिने चालते. पॅरासिटामॉल तर साधी, कितीही घ्या.' कसबा पेठेतल्या आमच्या औषधाच्या दुकानात लोक हा मेसेज दाखवून गोळ्या मागतात, म्हणून हे लिहितेय.

'जेवून घेतली की बाधत नाही.' जळजळ, मळमळ कमी होते, एवढं खरं. पण डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक या गोळ्या रक्तातून काम करतात आणि जठराचं अस्तर जपणारं प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन कमी करतात. म्हणून तर इंजेक्शन घेणाऱ्यालाही अल्सर होऊ शकतो. शौचाला डांबरासारखी काळी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

'अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की झालं.' ती जठराला बऱ्यापैकी सांभाळते, किडनीला नाही. किडनीचा रक्तपुरवठाही प्रोस्टाग्लँडिनच राखतं. बीपीच्या काही गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी आणि वर पेनकिलर, असं एकत्र चालू असेल तर वयस्कर माणसाची किडनी काही दिवसांतच बिघडू शकते.

'पॅरासिटामॉल कितीही चालते.' याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. परवा एका आजींनी पिशवी काउंटरवर रिकामी केली. "ही गुडघ्याची, ही सर्दीची, ही कणकणीची." पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचली. तिन्हींत पॅरासिटामॉल: ३२५, ५०० आणि ६५० मिलिग्रॅम. गुडघ्याची दोनदा, सर्दीची तीनदा, कणकणीची चारदा, बेरीज ४,७५०. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,०००. वय झालेलं, वजन कमी, लिव्हरचा आजार किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी. जास्त झाली की लिव्हरला इजा होते, आणि पहिल्या दिवशी बऱ्याचदा काही जाणवतही नाही.

पावसाळ्यात पुण्यात डेंगी असतोच. अशा तापात अंग ठणकतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे पॅरासिटामॉलच, तीही मापात.

आजींच्या तिन्ही पाकिटांवर मार्करने ठळक 'प' काढला.

"म्हणजे 'प'वाल्या तिन्हींतली एकच घ्यायची ना गं?"

"हो आजी. आणि आजच डॉक्टरांकडे जा, ही पिशवी अशीच घेऊन."