घड्याळ लावण्याआधी : लेखनपरीक्षेच्या तयारीबद्दल फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

दिवाळीची सुट्टी संपली की पालकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरू लागतो. जळगावकडे येतो, धुळ्याकडे येतो, शहादा-तळोद्याचे शिक्षकही तोच पुढे पाठवतात. खाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. त्यातलं म्हणणं असं : दहावी असो की एमपीएससी, वेळ लावून घेतलेल्या लेखनपरीक्षेत सगळं हाताच्या वेगावर ठरतं. म्हणून पहिल्या दिवसापासून घड्याळ लावा, पंधरा निबंध तोंडपाठ करा, मुद्दे काढण्यात वेळ दवडू नका, पुरवण्या भरपूर जोडा, घरात अहिराणी, म्हणजे आपली खानदेशी बोली, बोलणं बंद करा आणि शेवटचा महिनाभर रोज तीन तासांचा पूर्ण पेपर लिहून घ्या.

मी दहावीला मराठी शिकवतो. हा संदेश वाचून पालक मुलांच्या मागे घड्याळ घेऊन बसतात आणि जी मुलं थोडंफार लिहू लागलेली असतात, तीही लिहायला घाबरतात. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर द्यायला बसलो आहे.

वेगापासून सुरुवात करू. राज्य मंडळाचा दहावीचा मराठी प्रथम भाषेचा पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास. म्हणजे १८० मिनिटं, एका गुणामागे सव्वादोन मिनिटं. त्यातला उपयोजित लेखनाचा, म्हणजे पत्र, जाहिरात, कथा असं स्वतः लिहिण्याचा विभाग २४ गुणांचा, त्याच्या वाट्याला ५४ मिनिटं येतात. शेवटची कृती, म्हणजे प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांपैकी एक, ८ गुणांची. तिला १८ मिनिटं मिळतात आणि शब्दमर्यादा असते १०० ते १२०. आता तुमच्या घरच्या मुलाला पुस्तकातला एक उतारा समोर ठेवून मिनिटभर उतरवायला सांगा आणि शब्द मोजा. समजा त्याचा हात बराच मंद आहे आणि मिनिटाला दहाच शब्द होतात. तरी १२० शब्दांना १२ मिनिटं लागली. सहा मिनिटं हातात उरली.

मग मुलाचा निबंध अर्धा का राहतो? वर्गात फिरताना वह्या बघितल्या की कारण दिसतं. पहिली दोन वाक्यं झरझर लिहून झालेली असतात, त्यानंतर पेन थांबलेलं असतं. आता पुढे काय लिहायचं, हे ठाऊक नसतं. अशा मुलाला ‘हात चालव’ म्हणून काही उपयोग होत नाही. उलट भीती वाढते आणि तेच वाक्य शब्द बदलून पुन्हा लिहिलं जातं.

वेगाला काहीच किंमत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्या मुलाला जोडाक्षर आलं की थांबावं लागतं, रफार कुठे द्यायचा हे आठवावं लागतं, त्याचं लक्ष अक्षरातच अडकतं आणि मनात जुळवलेलं वाक्य निसटून जातं. त्याच्यासाठी रोज दहा मिनिटं श्रुतलेखन आणि सुवाच्य उतारालेखन करून घ्यावं. पण तो सराव वेगळा, रचनेचा सराव वेगळा. दोन्ही एकाच वेळी, वर घड्याळ लावून करायला लावलं की दोन्ही बिघडतात. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला तर ‘जोरात लिही’ म्हणणं अन्यायच आहे. अशा मुलांसह दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. त्यासाठी प्रमाणपत्रासह शाळेमार्फत आधीच अर्ज करावा लागतो. गावोगावच्या पालकांपर्यंत ही माहिती पोहोचत नाही आणि तो संदेश मात्र पोहोचतो, याचं वाईट वाटतं.

दहावी आणि स्पर्धा परीक्षा एका मापाने मोजणं ही त्या संदेशातली मोठी गफलत. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात २० प्रश्न असतात. दहा प्रश्न १५० शब्दांचे, दहा २५० शब्दांचे. एकूण ४००० शब्द, तीन तासांत. म्हणजे न थांबता मिनिटाला २२ शब्द, आणि विचार करायला लागणारा वेळ त्यातूनच काढायचा. तिथे हात चालावाच लागतो. एमपीएससीनेही राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आहे, तेव्हा धुळे-जळगावच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांना हा प्रश्न खरोखरच भेडसावतो. ते वीस-बावीस वर्षांचे असतात, वाक्य कसं बांधायचं ते त्यांना येतं. पंधरा वर्षांच्या मुलाला त्यांचं वेळापत्रक लावणं चूक आहे.

माझ्या मते क्रम उलटा हवा. सुरुवातीला घड्याळच नको. मुलाला पूर्ण होईपर्यंत लिहू द्यावं आणि किती वेळ लागला तेवढं कोपऱ्यात टिपून ठेवावं. कुणाला अर्धा तास लागतो, कुणाला पाऊण. लागू द्या. तोच मजकूर तपासून, दुरुस्त करून पुन्हा लिहायला सांगितला की वेळ आपोआप उतरतो, कारण आता काय लिहायचं ते ठरलेलं असतं. मग तुकड्यातुकड्याने वेळ लावावी. एका तासिकेत सात-आठ विषय द्यायचे आणि प्रत्येकाचे फक्त मुद्दे काढायला तीन-तीन मिनिटं द्यायची, निबंध लिहायचाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दोन विषयांचे फक्त पहिले परिच्छेद. हे जमलं की १८ मिनिटांची कृती अंगावर येत नाही.

यातूनच मुद्दे काढण्याबद्दलच्या आक्षेपाचं उत्तर मिळतं. तीन मिनिटं ‘वाया’ जातात असं संदेश म्हणतो. पण १८ मिनिटांतली तीन मुद्द्यांना दिली आणि बारा लेखनाला, तरी तीन वाचून बघायला उरतात. मंद हाताच्या मुलाचा हा हिशेब आहे. पानाच्या शेवटी चार-पाच शब्द पेन्सिलीने टिपलेले असले की मध्येच अडकायची वेळ येत नाही.

तोंडपाठ निबंधांचा सल्ला सर्वांत घातक वाटतो, कारण तो सोपा वाटतो. २०१९च्या मार्चपासून दहावीला नव्या अभ्यासक्रमाची कृतिपत्रिका आहे, म्हणजे प्रश्नांऐवजी कृती सोडवायची प्रश्नपत्रिका. तिच्यात नुसता ‘पावसाळा’ असा विषय देऊन मोकळं होत नाहीत. चौकटीत मुद्दे, एखादं चित्र, एखादा प्रसंग दिलेला असतो आणि लेखन त्याला धरून करायचं असतं. पाठ केलेला निबंध त्या चौकटीकडे बघतच नाही. शिवाय पाठ केलेल्यातलं एक वाक्य आठवलं नाही की मूल तिथेच थांबतं, कारण पुढचं वाक्य त्याला त्या वाक्याला चिकटूनच आठवत असतं.

आणि पाठ करण्याची गरज तरी काय? रावेर-यावलच्या मुलाला केळीचं आत्मकथन लिहायला सांगितलं आणि त्याने गाईडमधलं आंब्याचं झाड थोडं बदलून लिहिलं, तर काय म्हणावं? त्याच्या घरी मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांतला फरक लहान पोरालाही माहीत असतो. घडाला फण्या किती आल्या, ठिबकची नळी कुठे फुटली, मे-जूनच्या वादळात एका रात्रीत उभी बाग कशी आडवी झाली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ‘मी पाहिलेली जत्रा’ लिहिताना शहाद्याच्या मुलीने पंढरपूर का गाठावं? सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीला तिच्या जवळच भरतो. अक्राणी-अक्कलकुव्याच्या मुलांकडे होळीआधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार आहे. असा मजकूर पाठ करावा लागत नाही, तो आठवतो. आठवलेल्या गोष्टीत मूल अडकत नाही.

मी मुलांना गाईडऐवजी एक वही करायला सांगतो. रोज त्यात पाहिलेल्या, ऐकलेल्या एका गोष्टीच्या पाच ओळी लिहायच्या. परीक्षेत कामाला येतो तो हाच साठा.

पुरवण्यांचं म्हणणं अगदी निराधार आहे असं नाही. अमेरिकेत २००५ साली एसएटी या प्रवेशपरीक्षेत २५ मिनिटांचा निबंध आला. तिथल्या एमआयटी विद्यापीठातले लेस पेरेलमन यांनी नमुना म्हणून प्रसिद्ध झालेले गुणांकित निबंध तपासले आणि दाखवून दिलं की लांब निबंधाला गुण जास्त पडतात. माहितीतल्या चुकांसाठी गुण कापू नयेत, अशीच तिथल्या परीक्षकांना सूचना होती. पुढे २०१६ मध्ये तो निबंध ऐच्छिक झाला आणि २०२१ मध्ये बंदच झाला. तेव्हा घाईत तपासणाऱ्या माणसावर पानांचा परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. पण आपल्या कृतिपत्रिकेत शब्दमर्यादा छापलेली असते. जाहिरातीला ५०-६० शब्द आणि कथेला ८०-९० शब्द दिलेले असताना दोन पानं भरणाऱ्या मुलाचा वेळ जातो तो व्याकरणाच्या आणि कवितेच्या कृतींमधून. तिथले हमखास गुण सोडून इथे शब्द वाढवायचे, यात शहाणपण नाही.

आता अहिराणीचं. हा मुद्दा वाचला की मला राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही. ‘घरात बोली बोलल्यामुळे खानदेशातली पोरं लेखनात मागे पडतात’ हे वाक्य शिकलेली माणसंही पुढे पाठवतात. मूल विचार ज्या भाषेत करतं, ती भाषा बंद केली तर विचारच बंद पडतो. वर सांगितलं ना, पेन अडतं ते पुढे काय हे सुचत नाही म्हणून. ज्या मुलाला मराठीत तीन वाक्यं जुळत नाहीत, त्याला म्हणावं, ‘भाऊ, आधी तुनी बोलीमा सांग.’ मग तो सांगतो, ‘वावरमा पानी नही, म्हनीसन कपाशी सुकाई गयी.’ कारण आणि परिणाम एका वाक्यात आले. ते प्रमाण मराठीत लिहायला मिनिटही लागत नाही. मुद्दे काढताना अहिराणी, तावडी, लेवा, गुजरी, पावरी, भिली, जी येईल ती चालू द्यावी. मुद्दे कच्च्या जागी असतात, त्यांना गुण नसतात.

प्रमाण लेखनात बोली शिरते, हे खरं. पण ती कुठे शिरते ते ठरलेलं असतं. ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून शाळेची ‘शाया’ आणि डोळ्याचा ‘डोया’. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, म्हणून ‘पानी’. ‘मला’ऐवजी ‘माले’, ‘घरात’ऐवजी ‘घरमा’. बहुतेक मुलांच्या चुका या तीन-चार जागांवरच असतात. मुलाने स्वतःच्या चुकांची छोटी यादी वहीच्या पहिल्या पानावर ठेवावी आणि शेवटच्या वाचनात फक्त तेवढंच शोधावं. २०२३ पासून मंडळ पेपरच्या शेवटी दहा मिनिटं जास्त देतं. सकाळी अकराला सुरू झालेला पेपर दोन वाजून दहा मिनिटांनी संपतो. संदेश म्हणतो, त्या दहा मिनिटांत आणखी एक पुरवणी जोडा. मी म्हणतो, ती मिनिटं ‘ळ’ आणि ‘ण’ शोधायला ठेवा. घरात आईशी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला एवढंच शिकवायचं असतं.

राहिला रोजचा तीन तासांचा पेपर. मुलं लिहितील हो, पण तपासणार कोण? साठ मुलांच्या वर्गाचे साठ पेपर एका शिक्षकाकडून रोज तपासून होत नाहीत, आणि न तपासलेल्या पेपरात तीच चूक रोज पक्की होते. आठवड्याला एक पूर्ण पेपर पुरे. बाकीचे दिवस एकेक कृती. तपासतानाही सगळं एकदम बघू नये. एका आठवड्यात फक्त शेवटचे परिच्छेद बघावेत, पुढच्या आठवड्यात फक्त पत्राचा मायना आणि पत्ता. मुलांनी वह्या अदलाबदल करून एकमेकांच्या ‘ळ’वर खूण करावी, ते त्यांना छान जमतं. खूण केलेला परिच्छेद घरी पुन्हा लिहून आणायचा आणि दुसऱ्या दिवशी मी फक्त तेवढाच वाचायचा. हे जानेवारीत सुरू करून भागत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात सुरू करावं लागतं.