लिफ्टमधली एक हाक : कार्डकॅप्टर साकुरा, भाग ५७

'मॅजिकल गर्ल', म्हणजे जादू करणाऱ्या मुलीची जपानी गोष्ट, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोल फिरणारी मुलगी, चमचमणारे कपडे आणि शेवटी एक जोरदार मंत्र येतो. या प्रकारातला सगळ्यात सुंदर एपिसोड मात्र एका बंद पडलेल्या लिफ्टमध्ये घडतो, आणि त्यात हरवण्यासाठी समोर कुणी राक्षसही नाही. कार्डकॅप्टर साकुरा या जपानी ॲनिमे मालिकेच्या ७० भागांपैकी हा ५७वा. प्रेमाची सुरुवात पडद्यावर कशी दाखवावी, हे शिकायचं असेल तर हा भाग बघावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. क्लॅम्प या चित्रकर्त्या मैत्रिणींच्या गटाची मांगा (जपानी चित्रकथा), मॅडहाऊस स्टुडिओ, दिग्दर्शक मोरिओ आसाका. एनएचके या जपानी वाहिनीवर एप्रिल १९९८ ते मार्च २००० या काळात मालिका चालली. साकुराला या प्रकारातलं नेहमीचं रूपांतर नाहीच. तिचे पोशाख तिची मैत्रीण टोमोयो हातानं शिवते आणि कॅमेऱ्यात तिला टिपते. म्हणजे ताकद कपड्यांत नाही, हे सुरुवातीपासूनच ठरलेलं आहे.

भाग ४७पासून तिसरं पर्व सुरू होतं आणि नियम बदलतो. क्लो रीड या जुन्या जादूगाराची, तिनं आधी गोळा केलेली जादूची कार्डं आता साकुराला दाद देत नाहीत. एकेक कार्ड तिला स्वतःच्या शक्तीनं नव्यानं घडवावं लागतं. याची किंमतही दाखवली आहे: कार्ड बदललं की तिला अनावर झोप येते. आता त्या मंत्राचे शब्द नीट ऐका. जुनं रूप टाक आणि नव्या स्वामिनीच्या, साकुराच्या, नावानं पुन्हा जन्म घे, असा त्याचा आशय आहे. नावानं! हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता लिफ्ट. टेडी बेअरचं प्रदर्शन बघायला सगळे गेलेत. वर्गात नव्यानं आलेला एरिओल मुद्दाम असा डाव टाकतो की साकुरा आणि तिचा वर्गमित्र शाओरान दोघंच लिफ्टमध्ये अडकतात. टोमोयो नाही, म्हणजे खास पोशाख नाही, कॅमेरा नाही. शाओरानला आपलं तिच्यावर प्रेम आहे हे कळून चुकलंय, तिला अजून काहीच कळलेलं नाही. आणि एकाएकी साकुरा खाली कोसळते. खाली नुसता अंधार. तो ओरडतो : "साकुरा!"

तोवर तो तिला एकदाही नावानं हाक मारत नव्हता. 'ओमाए' म्हणायचा, म्हणजे आपल्याकडचं तुसडं 'ए, तू'. ती त्याला 'ली-कुन' म्हणायची, ली हे त्याचं आडनाव, 'कुन' हा मुलांच्या नावामागे लावायचा शब्द. जपानी वर्गात ही दोन मुलांमधली रीतसर अंतराची भाषा. तीच मुलगी मग खालून तरंगत वर येते. तिनं वापरलेलं कार्ड आहे फ्लोट. तलवार नाही, वीज नाही, फक्त तरंगणं. मला पटकथेतली ही निवड फार मोलाची वाटते. तिनं कुणाला मारलं नाही, स्वतःला पडू दिलं नाही, एवढंच. आणि ज्या नावावर तिची जादू चालते, तेच नाव वरून त्याच्या तोंडून आलंय.

त्यानंतर ती अगदी साधेपणानं सांगते की यापुढेही मला साकुराच म्हण, आणि मी तुला शाओरान-कुन म्हणू का, असं विचारते. लाजणं त्याच्या बाजूला, सरळपणा तिच्या बाजूला. तिच्या लेखी ही मैत्रीच आहे, आणि बघणाऱ्याला तिच्याआधी कळतं की नाही. प्रेमाचा एक शब्दही न उच्चारता नातं एक पायरी वर जातं. तो 'साकुरा' म्हणतो तेव्हा मागे काही लावत नाही, ती मात्र 'कुन' ठेवते, हा बारकावाही ऐकण्यासारखा आहे.

अमेरिकेत २००० साली आलेल्या इंग्रजी आवृत्तीत नेमकं हेच गेलं. सुरुवातच आठव्या भागापासून, म्हणजे शाओरानच्या प्रवेशापासून, म्हणजे मालिका मुलाचीही आहे असं वाटावं. ७० पैकी ३९ भागच दाखवले. साकुराचं आडनाव ॲव्हलॉन केलं आणि शाओरानला सगळेच 'ली' म्हणू लागले, जणू तेच त्याचं नाव. जिथे आडनाव आणि नाव यांतलं अंतरच पुसलं, तिथे ते अंतर ओलांडण्याला अर्थ काय उरणार? म्हणून कळकळीनं सांगतो : मूळ जपानी आवाजात, सबटायटल लावून बघा. साकुराला साकुरा तांगे आणि शाओरानला मोतोको कुमाई यांचा आवाज आहे.

सबटायटलही तपासून घ्या. जपानी आवाज 'ली-कुन' म्हणत असताना खाली 'शाओरान' छापलेलं दिसलं, तर ती फाइल सोडा.

कुणी मराठी सबटायटल करणार असेल तर 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याचा मोह टाळा. दहा-अकरा वर्षांची पोरं एकमेकांना 'तुम्ही' म्हणत नाहीत. आपल्या शाळांत "ए कुलकर्णी", "ए जाधव" अशी आडनावानं हाक मारायची पद्धत आहेच. तिच्या तोंडी भाग ५६पर्यंत 'ली' राहू द्या, त्याच्या तोंडी नुसतं 'ए', आणि पहिलं नाव लिफ्टसाठी राखून ठेवा. ज्या भाषेत नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो, तिला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

सगळे ७० भाग बघायला वेळ नसेल तर ८, ४७, ५७, ६६, ६९, ७० या क्रमानं बघा आणि मग २००० सालचा दुसरा चित्रपट. ६६मध्ये ती आपल्या भावाच्या मित्राला, युकितोला, मनातलं सांगते, तो हळुवार नकार देतो आणि शाओरान तिचं रडणं ऐकून घेतो, स्वतःचं काही पुढे न करता. ५७ न बघता थेट ६९वर उडी मारलीत तर शाओरानची प्रेमाची कबुली अचानक वाटेल. आणि ७०मध्ये विमानतळावर तो तिला स्वतः शिवलेलं अस्वल देतो, तेव्हा ती काय मागते, ते ऐका. त्या अस्वलाला 'शाओरान' नाव ठेवू का, एवढंच विचारते.