खुलासा : चित्रफितीतला तो प्राणी टेपवर्म नव्हे

तळहातावरच्या तांबूस कृमीच्या तोंडाकडून पांढऱ्या मुळ्यांसारखे जाळे झपकन बाहेर पडते, अशी एक चित्रफीत ‘हाच तो पोटात वाढणारा टेपवर्म’ या मजकुरासह फिरत आहे. हा मजकूर चुकीचा आहे. तो प्राणी रिबन वर्म असून, रिबन म्हणजे फीत आणि फीतकृमी म्हणजे टेपवर्म, असा हा केवळ नावाचा घोटाळा झालेला दिसतो.

टेपवर्मला तोंडही नसते आणि आतडेही नसते. तो आयते अन्न त्वचेतूनच शोषतो. रिबन वर्मला मात्र तोंड, गुदद्वार आणि बंदिस्त रक्तवाहिन्या असतात. तो माणसाच्या आतड्यात राहत नाही. बहुतेक जाती समुद्रात मुक्तपणे शिकार करून जगतात. चित्रफितीतले जाळे म्हणजे त्याची सोंड : एरवी ती आतड्याच्या वरच्या बाजूला, द्रवाने भरलेल्या पोकळीत असते आणि स्नायूंचा दाब पडताच शर्टाची बाही उलटी व्हावी तशी बाहेर येते. बहुतेक जातींत ती एकच दोरी असते. अशा फांद्या मोजक्याच जातींत फुटतात.

शरीरगुहा, म्हणजे शरीराची भिंत आणि आतडे यांच्यामधली अस्तर असलेली पोकळी, रिबन वर्ममध्ये नाही असे समजून पूर्वी या प्राण्यांना चपट्या कृमींच्या, म्हणजे टेपवर्म ज्यात मोडतो त्या गटाच्या, शेजारी बसवत, हेही खरे. परंतु सोंडेची ती पोकळी शरीरगुहाच असल्याचे भ्रूणविकासावरून दिसले, जनुकीय तुलनेनेही त्याला दुजोरा दिला, आणि रिबन वर्मचा नेमर्टिया हा स्वतंत्र संघ (प्राण्यांच्या वर्गीकरणातला मोठा गट) आता गांडुळे व गोगलगायी यांच्या गोतावळ्यात धरला जातो.