गावच्या घराला खिडक्या ठेवताना

कोकणातल्या गावचं जुनं घर पाडून नवीन बांधायचं ठरवलंत, अभिनंदन. आता खिडक्यांचं काय ते लगेच ठरवून टाका, तेही मुंबईतच, बसल्या जागी. भर जुलैत जाऊन जोत्यावर उभं राहण्याची दुर्बुद्धी नको. तिथे वारा कुठून येतो ते कळतं आणि नकाशा बिघडतो.

सगळं लक्ष पश्चिमेच्या भिंतीकडे द्या. समुद्र पश्चिमेला, दुपारनंतरचं ऊन पश्चिमेचं आणि पावसाळ्यात नैऋत्येकडून येणारी झडही त्याच अंगाची. एका खिडकीत तिन्ही मिळतात. घाटावरच्यांच्या नशिबी हे नाही. तेव्हा जमिनीपासून स्लॅबपर्यंत काच लावा. आजोबांनी त्याच बाजूला खोल पडवी ठेवली होती, कौलांची वळचण डोकं आपटेल इतकी खाली घेतली होती, आणि आगोटीला, पावसाच्या तोंडावर, नारळाच्या चुडतांची झापं बांधून पडवीही बंद करायचे. बिचाऱ्यांना सी-व्ह्यू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. छज्जा ठेवलाच तर वीतभर ठेवा. दोन-अडीच फुटांच्या छज्ज्याने पाऊस आणि ऊन दोन्ही थोडंफार अडतं, पण एलिव्हेशन जुनाट दिसतं ना!

कुणीतरी शहाणा ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाची आठवण काढेल, श्रीवर्धन-मुरूडकडे पत्रे आणि कौलं कशी उडाली ते सांगेल. त्याला चहा द्या.

खिडक्या सरकत्याच घ्या. दोन ट्रॅकची खिडकी कशीही सरकवा, निम्मीच उघडते; म्हणजे सहा फुटांचे पैसे मोजून तीन फूट वारा. खालच्या ट्रॅकमध्ये पाणी साचतं, ते बाहेर जायची भोकं माती-पाचोळ्याने बुजतात आणि मग पाणी निमूटपणे घरात उतरतं. जुन्या लाकडी खिडकीला वर-खाली वेगळी झडपं असायची. खालची मिटली, वरची उघडी ठेवली की बराचसा पाऊस बाहेर आणि हवा आत. एवढी अक्कल असलेली खिडकी आता कुठला फॅब्रिकेटर करून देणार?

समोरासमोर खिडक्या तर मुळीच नकोत. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. त्याला पलीकडच्या भिंतीतून बाहेर पडायला वाट मिळाली तर खोली आपोआप हवेशीर होते, मग एसी कशाला घेतला म्हणून घरातच भांडण. राष्ट्रीय इमारत संहिता दमट-उष्ण हवेत खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश खिडक्यांची उघडी जागा मागते, म्हणजे १२० चौरस फुटांना २० चौरस फूट. इंजिनिअर हे सांगेल. मान डोलवा आणि पूर्वेच्या अख्ख्या भिंतीला वॉर्डरोब लावा. गणपतीला कपाट उघडाल तेव्हा पैठणीवरची बुरशी बघून पाहुण्यांनाही कळेल की कपाट भिंतीत पक्कं बसवलेलं आहे.

स्वयंपाकघराचा विषय किरकोळ. आई म्हणेल, ओट्यासमोर खिडकी ठेव रे, परसात कोण आलं ते दिसतं. तिला चिमणी आणि सीसीटीव्ही द्या.

वास्तुवाला मात्र एका मुद्द्यावर अडून बसतो: नैऋत्य बंद ठेवा. पाऊसही नेमका तिथूनच मारतो, त्यामुळे त्याचा एवढा एकच सल्ला धुडकावून लावा. बाकीचे सगळे पाळा, बाथरूमची खिडकी भावकीच्या देवघरासमोर आली तरी. भावकीवरून आठवलं: १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात खिडकीतून येणाऱ्या उजेड-वाऱ्यावर हक्क सांगायला २० वर्षांची अखंड वहिवाट लागते. काकांना घाई नसते. ते एकोणिसाव्या वर्षी गडग्याला लागून भिंत उभी करतील.

ग्रील लोखंडी घ्या. खारी हवा तिचा रंग बदलत राहते, रंगाऱ्याला दरवर्षी काम मिळतं.

एवढं करूनही मृगात हॉलभर पाणी झालंच, तर वडील पश्चिमेला ताडपत्री बांधतील. बारा महिने तिथे तेच राहतात, त्यांना सवय आहे. ताडपत्री तेवढी तुम्ही पाठवा, आणि निळीच पाठवा. सप्टेंबरपर्यंत काचेतून काहीतरी निळं दिसलं म्हणजे झालं.